मार्गदर्शकाला मार्गदर्शन कोणाचे?

जुलै महिना उजाडला, की महाविद्यालयांच्या सूचनाफलकावर दरवर्षी एक यादी लागते. वीस-पंचवीस विद्यार्थ्यांची नावे, त्यांच्यासमोर एका प्राध्यापकाचे नाव आणि तळाशी प्राचार्यांची सही. कोठे तिला ‘मेंटॉर-मेंटी योजना’ म्हणतात, कोठे ‘पालक-प्राध्यापक योजना’. यादीबरोबर प्राध्यापकाच्या हाती एक नोंदवही पडते. तीत विद्यार्थ्याचे गाव, पालकांचा व्यवसाय, दहावी-बारावीचे गुण, भेटीचा दिनांक आणि चर्चेचा विषय असे रकाने आखलेले असतात. त्या दिवसापासून तो प्राध्यापक त्या पंचवीस जणांचा मार्गदर्शक झाला, असे कागदोपत्री ठरते.

या यादीत ज्याचे नाव प्रथमच आले आहे, अशा तरुण प्राध्यापकाच्या मनात साहजिकच काही प्रश्न उभे राहतात. विद्यार्थ्याशी काय बोलावयाचे? किती वेळ बोलावयाचे? त्याने घरची अडचण सांगितली, तर आपण कोठवर जावयाचे? त्याने सांगितलेले प्राचार्यांना सांगावयाचे, की मनात ठेवावयाचे? नोंदवहीत या प्रश्नांसाठी रकाना नसतो, आणि बहुतेक ठिकाणी त्यांचे उत्तर देणारा माणूसही नेमलेला नसतो. मार्गदर्शक नेमण्याची पद्धत आपण स्वीकारली; मार्गदर्शक घडविण्याची आणि घडल्यानंतर त्याला सांभाळण्याची पद्धत मात्र आपण अद्याप स्वीकारलेली नाही. या उणिवेचे परिणाम आरमोरीसारख्या ठिकाणी अधिक ठळकपणे दिसतात, म्हणून तिचा विचार येथे करावयाचा आहे.

योजना आली कोठून?

‘मेंटॉर’ हा शब्द ग्रीक महाकाव्य ‘ओडिसी’तून आला. इथाकाचा राजा ओडिसियस युद्धावर गेला, तेव्हा त्याने आपले घर मेंटॉर नावाच्या वृद्ध मित्रावर सोपविले. परंतु त्या कथेत हा मेंटॉर एकट्याच्या बळावर फारसे काही साधू शकत नाही. राजपुत्र टेलेमाकसला खरा मार्ग दाखविते ती मेंटॉरचे रूप घेऊन आलेली अथेना देवी. ज्याच्या नावावरून ही सारी कल्पना ओळखली जाते, त्या मूळ पुरुषालाही कोणाची तरी साथ लागली, ही गोष्ट शब्द उसना घेताना आपण विसरलो.

आपल्याकडे ही योजना रूढ झाली ती मुख्यतः मूल्यांकनाच्या निमित्ताने. राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद, म्हणजेच ‘नॅक’, १९९४ साली स्थापन झाली. २०१७ साली तिने आपली चौकट सुधारली आणि एका मार्गदर्शकामागे किती विद्यार्थी, हे प्रमाण महाविद्यालयांना आकड्यांत सांगावे लागले. २०१९ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने नवागत विद्यार्थ्यांसाठी ‘दीक्षारंभ’ आणि नव्या प्राध्यापकांसाठी ‘गुरुदक्षता’ अशा दोन मार्गदर्शिका काढल्या. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात तर ‘राष्ट्रीय मार्गदर्शन अभियाना’चाच उल्लेख आहे. ज्येष्ठ व निवृत्त अध्यापकांनी इतर अध्यापकांना दीर्घ वा अल्प काळ साह्य करावे, अशी ती कल्पना. शालेय शिक्षकांसाठी हे अभियान २०२२ च्या जुलैत ३० केंद्रीय शाळांत ६० मार्गदर्शकांसह प्रायोगिक पातळीवर सुरू झाले.

हेतू सगळ्यांचेच चांगले आहेत. तथापि जे मोजावयास सोपे, तेच शेवटी पक्के होते, हा आपल्या संस्थांचा स्वभाव आहे. विद्यार्थी-मार्गदर्शक प्रमाण काढावयास एक भागाकार पुरतो. मार्गदर्शकाची तयारी मोजावयास मात्र कोणाला तरी त्याच्याशेजारी बसावे लागते. त्यामुळे प्रमाण नोंदले गेले आणि तयारी राहून गेली.

आरमोरीचा विद्यार्थी

या तयारीत काय काय असावे लागते, हे समजण्यासाठी आपल्या भागातील विद्यार्थ्याचे वर्ष डोळ्यांसमोर आणावे. गडचिरोली जिल्हा १९८२ साली चंद्रपूरपासून वेगळा झाला आणि या दोन जिल्ह्यांसाठी स्वतंत्र गोंडवाना विद्यापीठ २०११ साली स्थापन झाले. पदवीचे शिक्षण घरातील पहिलाच मुलगा वा पहिलीच मुलगी घेत आहे, असे चित्र आमच्या वर्गांत अपवादाचे नाही. जुलै-ऑगस्टमध्ये धानाची रोवणी असते. त्या दिवसांत वर्गातील उपस्थिती घटते, ती आळसामुळे नव्हे. दिवाळीनंतर धानाची कापणी, मळणी आणि गावोगावच्या मंडया. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले, मे महिन्यात तेंदूपाने. तेंदूचा हंगाम थोड्या दिवसांचा, पण त्यातून येणारी रोकड घराला वर्षभर पुरवावी लागते. उन्हाळी परीक्षा नेमकी याच सुमारास येते.

पुण्या-मुंबईच्या मार्गदर्शिकेवर विसंबलेला मार्गदर्शक अशा विद्यार्थ्याला ‘वेळेचे नियोजन’ शिकवू लागला, तर तो चुकीच्या जागी शहाणपण सांगत असतो. येथे प्रश्न घराच्या अर्थव्यवस्थेचा आहे. कोरची-कुरखेड्याच्या बाजूने येणारा मुलगा घरी गोंडी बोलतो, गावात झाडीबोली बोलतो आणि वर्गात पुस्तकी मराठी ऐकतो. तो प्रश्न विचारीत नाही याचा अर्थ त्याला प्रश्न पडत नाहीत असा होत नाही. आश्रमशाळेतून आलेल्या विद्यार्थ्याने दहा-बारा वर्षे घंटेच्या तालावर काढलेली असतात. महाविद्यालयातील मोकळीक त्याला काही काळ ओझ्यासारखी वाटते. शिष्यवृत्तीचा अर्ज ‘महाडीबीटी’वर भरावा लागतो. जातीचे प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, आधारशी जोडलेले बँक खाते यांपैकी एक कडी निसटली, तरी वर्षाची शिष्यवृत्ती अडकते. आणि ती अडकली, की दुसऱ्या सत्राचे शुल्क, खोलीचे भाडे, एस.टी.चा पास हे सगळेच अडकते.

याखेरीज काही गोष्टी कायद्याच्या आहेत. कनिष्ठ महाविद्यालयातील बहुतेक मुले-मुली अठरा वर्षांखालची असतात. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्यानुसार असा अपराध घडल्याची माहिती ज्याला होते, त्याने ती पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. ‘विद्यार्थिनीने विश्वासाने सांगितले, म्हणून मी कोणालाच बोललो नाही’ ही सबब तेथे चालत नाही. मोठ्या विद्यार्थिनींच्या बाबतीत २०१३ च्या कायद्यान्वये नेमलेली अंतर्गत समिती आहे. मानसिक त्रासासाठी १४४१६ या क्रमांकावर ‘टेली-मानस’ ही शासकीय सेवा २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झाली. हे सारे ज्याला ठाऊक नाही, अशा सद्भावनाशील मार्गदर्शकाच्या हातून विद्यार्थ्याचे नुकसान होऊ शकते, आणि त्याचे स्वतःचेही.

शिकविणे वेगळे, साथ देणे वेगळे

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. पूर्वी कोठे होत्या अशा योजना? चांगला शिक्षक हा जात्याच मार्गदर्शक असतो. त्याला वेगळे प्रशिक्षण कशाला हवे? हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. आपल्यापैकी अनेकांच्या आयुष्याला एखाद्या शिक्षकाने वळण दिले आणि त्या शिक्षकाने कोणत्याही कार्यशाळेला हजेरी लावलेली नव्हती, हे खरेच आहे.

परंतु अशा आठवणींत एक हिशेब राहून जातो. ज्यांना तसा शिक्षक लाभला, ते आज आठवणी सांगण्याच्या स्थितीत आहेत. ज्यांना लाभला नाही आणि जे दुसऱ्या वर्षालाच गळले, त्यांच्या आठवणी कोणी विचारीत नाही. योगायोगाने मिळणारी गोष्ट सर्वांना मिळावी असे वाटत असेल, तर तिची व्यवस्था करावी लागते.

शिवाय शिकविणे आणि साथ देणे ही दोन कामे सारखी नाहीत. व्याख्यानात प्राध्यापक बोलतो आणि विद्यार्थी ऐकतो. मार्गदर्शनात बहुतांशी हे उलट व्हावे लागते. व्याख्यानात उत्तर आधी ठाऊक असते. येथे पुष्कळदा प्रश्नच काय आहे, हे शोधावे लागते. वीस वर्षे बोलण्याचा सराव झालेल्या माणसाला अर्धा तास गप्प बसून ऐकणे अवघड जाते. हा स्वभावाचा दोष नव्हे, सवयीचा प्रश्न आहे, आणि सवय बदलावयाची तर अभ्यास लागतो.

महाराष्ट्रात याचे एक सुंदर उदाहरण ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे आहे. अनुताई १९४५ साली बोर्डीला ताराबाईंकडे आल्या, तेव्हा त्या अनुभवी शिक्षिका होत्या. तरीही बालशिक्षणाचे काम त्या शिकल्या ते ताराबाईंच्या शेजारी राहून, रोजच्या कामातून, वर्षानुवर्षे. १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी हे काम पुढे चालले. १९७३ साली ताराबाई गेल्या, त्यानंतरही अनुताईंनी ते सांभाळले आणि वाढविले, आणि स्वतः अनेक बालशिक्षिका तयार केल्या. एका मार्गदर्शकाने दुसरा मार्गदर्शक घडवावा, तो असा.

आपल्याच जिल्ह्याचा धडा

तथापि सर्वांत बोलके उदाहरण आपल्याच जिल्ह्यातील आहे. ते शिक्षणाच्या क्षेत्रातील नसून आरोग्याच्या क्षेत्रातील आहे, एवढेच. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेचे काम सुरू केले. नवजात बालकांचे मृत्यू हा येथील मोठा प्रश्न होता. रुग्णालय दूर, रस्ते पावसाळ्यात बंद, आणि बाळंतपणे घरीच. बंग दांपत्याने गावातीलच पाचवी ते दहावी शिकलेल्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. १९९५ ते १९९८ या काळात ३९ गावांत त्यांनी घरोघरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली. तुलनेसाठी आणखी ४७ गावांची नोंद ठेवली गेली. तुलनेच्या गावांशी ताडून पाहता या ३९ गावांत नवजात मृत्यूंचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाले. हे निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि जगभर चर्चिले गेले.

या यशाची चर्चा होते, तेव्हा सामान्यतः त्या स्त्रियांच्या धैर्याचे आणि इंजेक्शन देण्याच्या कौशल्याचे कौतुक होते, आणि ते योग्यच आहे. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने तीन गोष्टी अधिक महत्त्वाच्या आहेत. पहिली ही, की त्यांना ‘आरोग्य सुधारा’ असे मोघम काम दिले नव्हते. बाळाचे वजन करावयाचे, ताप पाहावयाचा, श्वास मोजावयाचे, ठरलेली लक्षणे ओळखावयाची, अशी मोजकी आणि नेमकी कामे दिली होती. दुसरी ही, की काम माणसाला पेलेल अशी साधने बनविली गेली. ज्या सुईणीला शंभरापर्यंत मोजता येत नव्हते, तिच्यासाठी ‘सर्च’ने मण्यांचा श्वासमापक तयार केला. वाळूचे घड्याळ उलटे करावयाचे, दहा श्वास झाले की एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वी ठरलेला मणी सरकला, तर बाळाला न्यूमोनिया असण्याचा संभव. तिसरी गोष्ट सर्वांत मोलाची. प्रशिक्षण एकदाच उरकले गेले नाही. ते टप्प्याटप्प्याने झाले, आणि साधारण पंधरवड्याने पर्यवेक्षक गावात जाऊन नोंदी तपासत, चुका दुरुस्त करीत, अडलेले समजावून देत. एकट्या बाईच्या हाती काम सोपवून संस्था निघून गेली नाही.

पदवी नसलेल्या त्या स्त्रियांना जे मिळाले, ते पदव्युत्तर पदवी घेतलेल्या आमच्या नव्या मार्गदर्शकांना मिळत नाही. नेमके काम, सोपे साधन आणि ठरलेल्या दिवशी येणारा सहायक, यांपैकी एकही नाही.

साथीचाही कागद होतो

या उदाहरणाचा पुढचा भागही पाहिला पाहिजे, कारण त्यात इशारा आहे. केंद्र शासनाने २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात ‘आशा’ कार्यकर्तीची योजना आणली आणि २०११ साली घरोघरी नवजात बालसेवेचे काम आशांकडे दिले. त्यांच्या प्रशिक्षणासाठी पाच-पाच दिवसांच्या चार फेऱ्या ठरल्या. साधारण वीस आशांमागे एक, अशा साहाय्यक नेमल्या गेल्या. महाराष्ट्रात त्यांना गटप्रवर्तक म्हणतात. म्हणजे मार्गदर्शकाला मार्गदर्शक असावा, हे तत्त्व शासनाने मान्य केले. परंतु या गटप्रवर्तक स्त्रियांना मोबदला मिळे तो मुख्यतः भेटींच्या दिवसांवर. त्यांना वेळोवेळी मानधनासाठी आणि दर्जासाठी झगडावे लागले. २०२३ च्या ऑक्टोबरात महाराष्ट्रातील आशा आणि गटप्रवर्तक संपावर गेल्या, त्यामागे हीच खंत होती. जिचे काम दुसरीला आधार देण्याचे, तिलाच आधार नसेल, तर साखळी कोठे तुटते हे वेगळे सांगावयास नको.

शालेय शिक्षणातही असेच घडले. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने शेजारच्या शाळांचे संकुल करून त्यांनी एकमेकींना साह्य करावे, अशी शिफारस केली होती. महाराष्ट्रात नव्वदच्या दशकात केंद्रप्रमुख हे पद निर्माण झाले, ते शिक्षकांना शैक्षणिक साथ मिळावी म्हणून. त्या पदावरील अनेकांनी निष्ठेने काम केले आहे. परंतु माहिती गोळा करणे, ती वर पाठविणे, बैठका आणि तातडीची पत्रे यांत त्यांचा दिवस जातो, हे कोणत्याही शिक्षकाला विचारले तरी कळेल. साथ देण्यासाठी निर्माण केलेले पद तपासणीसाठी वापरण्याचा मोह प्रशासनाला आवरत नाही. एकदा तपासणी सुरू झाली, की शिक्षक अडचण सांगावयाचे सोडून देतो आणि जे दाखवावयाचे तेवढेच दाखवितो. म्हणूनच मार्गदर्शकाला साथ देणारी व्यक्ती आणि त्याच्या गोपनीय अहवालावर शेरा लिहिणारी व्यक्ती एकच असू नये.

हिशेब वेळेचा

अर्थशास्त्राचा अध्यापक या नात्याने एका हिशेबाकडे लक्ष वेधणे मला आवश्यक वाटते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीनुसार सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन करावयाचे आहे. उदाहरणादाखल ६०० विद्यार्थ्यांचे आणि २४ मार्गदर्शकांचे एक महाविद्यालय घेऊ. प्रत्येकाकडे २५ विद्यार्थी आले. मार्गदर्शकाने आठवड्यातून एक तास दिला, तर महिन्याचे चार तास, म्हणजे २४० मिनिटे. पंचवीस जणांत वाटली, तर प्रत्येकाच्या वाट्याला महिन्याकाठी दहा मिनिटेही येत नाहीत. आणि एवढ्यासाठीसुद्धा महाविद्यालयाचे आठवड्याला २४ तास लागतात, म्हणजे दीड सहायक प्राध्यापकाचा अध्यापनभार.

हा दीड प्राध्यापक कोणत्याही कार्यभार-तक्त्यात दिसत नाही. खर्च मात्र होतोच. तो एक तर प्राध्यापक आपल्या खासगी वेळातून देतो, किंवा भेटच होत नाही आणि तो विद्यार्थ्याच्या नुकसानीच्या रूपाने वसूल होतो. खर्च लेखी धरला नाही म्हणून तो नाहीसा होत नाही; तो फक्त दुर्बलाच्या खात्यावर पडतो.

दुसरा मुद्दा अनुभवाचा. केनेथ ॲरो यांनी १९६२ साली मांडले, की काम करता करता होणारे शिक्षण हे उत्पादकता वाढण्याचे एक मोठे कारण आहे. गॅरी बेकर यांनी १९६४ साली कोठेही उपयोगी पडणारे सर्वसाधारण कौशल्य आणि एकाच संस्थेत उपयोगी पडणारे विशिष्ट कौशल्य असा भेद केला. विद्यार्थ्याचे ऐकून घेण्याची कला सर्वसाधारण आहे. पण वैरागडच्या बसची वेळ, तहसीलमधील दाखल्याची रीत, कोणत्या वसतिगृहात जागा रिकामी आहे, हे ज्ञान विशिष्ट आहे. ते जमावयास दोन-तीन वर्षे लागतात. आता आपल्या महाविद्यालयांत कितीतरी वर्ग तासिका तत्त्वावरील प्राध्यापक चालवितात, हे ध्यानात घ्यावे. त्यांची नेमणूक सत्रापुरती, मोबदला तासावर, आणि मार्गदर्शनाचा तास मोबदल्यात धरलेला नाही. वर्षभरात मिळविलेले सारे ज्ञान घेऊन तो तरुण निघून जातो आणि पुढच्या जुलैत नवे नाव त्याच यादीवर चढते. संस्था दरवर्षी पहिलीतच बसते.

बाहेरच्या जगात या वेळेच्या प्रश्नाला काही प्रमाणात हात घातला गेला आहे. इंग्लंडमध्ये २०२१ साली सुरू झालेल्या योजनेत नव्या शिक्षकाला दोन वर्षे मार्गदर्शक देण्याचे ठरले. पहिल्या वर्षी त्याच्या तासिकांत दहा टक्के आणि दुसऱ्या वर्षी पाच टक्के सूट दिली गेली आणि मार्गदर्शकांच्या प्रशिक्षणाचीही सोय झाली. तेथेही मार्गदर्शकांची मुख्य तक्रार वेळ पुरत नाही हीच राहिली. श्रीमंत देशालाही जे पुरेसे जमले नाही, ते आम्ही एका नोंदवहीवर भागवू पाहतो.

काय करता येईल?

यासाठी मोठ्या निधीची किंवा नव्या कायद्याची वाट पाहावी लागेल, असे मुळीच नाही. महाविद्यालयाने मनावर घेतले, तर येत्या सत्रापासून काही गोष्टी करता येतील.

पहिली, नव्या मार्गदर्शकाची तयारी नाव यादीत चढण्यापूर्वी व्हावी. दोन दिवस पुरे आहेत. मात्र ते भाषणांत घालवू नयेत. एक दिवस ऐकण्याच्या सरावाचा. दोघांनी समोरासमोर बसावे, एकाने अडचण सांगावी, दुसऱ्याने सल्ला न देता केवळ प्रश्न विचारावेत, तिसऱ्याने पाहावे. दुसरा दिवस स्थानिक माहितीचा. समाजकल्याण आणि आदिवासी विकास विभागाच्या योजना, वसतिगृहे, दाखले, कायदे, आरोग्यसेवा. ही माहिती त्या त्या कार्यालयातील माणसाकडूनच घ्यावी, म्हणजे पुढे कोणाला भेटावयाचे हेही कळते.

दुसरी, काम नेमके करावे. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांबाबत मार्गदर्शकाने चारच गोष्टी पक्क्या कराव्यात: शिष्यवृत्तीचा अर्ज, सलग आठ दिवसांची गैरहजेरी, पहिल्या चाचणीतील गुण, आणि राहण्या-येण्याची सोय. या चारांतून बाकीचे बोलणे आपोआप निघते. श्वासमापकाच्या मण्यांसारखे हे मणी आहेत. कोणता मणी सरकला म्हणजे धावून जावयाचे, हे आधी ठरलेले असावे.

तिसरी, पहिल्या वर्षी नव्या मार्गदर्शकाकडे पंचवीसऐवजी दहाच विद्यार्थी द्यावेत आणि एका अनुभवी सहकाऱ्याशी त्याची जोडी लावावी. हा सहकारी विभागप्रमुख नसावा. पंधरवड्यातून एकदा दोघांनी अर्धा तास बसावे. ‘या वेळी काय अडले?’ एवढा एकच प्रश्न त्या बैठकीला पुरतो. गावातील निवृत्त शिक्षकांचाही येथे उत्तम उपयोग होईल. राष्ट्रीय धोरणात कल्पिलेला तो ज्येष्ठांचा संच आपल्याला दिल्लीहून मागवावयाचा नाही. तो आपल्याच आळीत सकाळी वर्तमानपत्र वाचत बसलेला आहे.

चौथी, महिन्यातून एकदा सर्व मार्गदर्शकांचा अभ्यासगट बसावा. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने हे तंत्र आपल्याला केव्हाच दाखवून दिले आहे. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सहवासात त्या गावाने अभ्यासगट आणि ग्रामसभा ही दोन आसने वेगळी ठेवली. अभ्यासगटात फक्त समजून घ्यावयाचे, निर्णय ग्रामसभेत सर्वसहमतीने घ्यावयाचा. बाहेरचा माणूस सहयोगी मित्र म्हणून यावा, पुढारी म्हणून नव्हे, हीही तेथील शिकवण. २००९ साली सामूहिक वनहक्क मिळविणाऱ्या देशातील पहिल्या गावांत मेंढ्याची गणना झाली, त्यामागे ही अभ्यासाची वर्षे होती. मार्गदर्शकांच्या अभ्यासगटातही विद्यार्थ्यांची नावे न घेता प्रसंग मांडावेत, हजेरीपट नसावा, आणि तेथील बोलण्याचा उपयोग कोणाच्या मूल्यमापनासाठी करू नये.

पाचवी, मार्गदर्शनाचा तास वेळापत्रकात छापावा आणि तासिका तत्त्वावरील प्राध्यापकाकडे हे काम दिले, तर त्याचा मोबदला द्यावा. ज्या कामाला वेळापत्रकात जागा नाही, ते काम संस्थेच्या लेखी काम नव्हेच, हे विद्यार्थ्यालाही चांगले समजते.

यावर कोणी म्हणेल, की प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या असताना या सूचना म्हणजे चैन आहे. रिक्त पदे भरली गेलीच पाहिजेत, यात दुमत नाही. परंतु मनुष्यबळ अपुरे असते, तेव्हा असलेल्या माणसांना एकटे सोडणे अधिक महाग पडते. नवा मार्गदर्शक पहिल्या सहा महिन्यांत दोन-तीन प्रसंगांत हतबल होतो, त्याला विचारावयास कोणी नसते, आणि मग तो स्वतःचे रक्षण करावयास शिकतो. म्हणजे काय, तर रकाने भरावयास शिकतो. ‘करिअरविषयी चर्चा केली’, ‘अभ्यासाबाबत सूचना दिल्या’ अशी वाक्ये वर्षअखेरीस एका बैठकीत लिहून होतात. हा माणूस मुळात कामचुकार नव्हता. त्याला तसे होण्याची सोय आपण करून दिली.

आरमोरीच्या परिसरातील जंगलात कोशाचे पीक घेणारे धीवर बांधव ऐन-अर्जुनाच्या झाडांवर अळ्या सोडतात आणि कोश बांधून होईपर्यंत त्यांना पक्ष्यांपासून, मुंग्यांपासून राखत बसतात. अळी झाडावर सोडली म्हणजे रेशीम झाले, असा समज त्यांच्यापैकी कोणाचाही नसतो. नवा राखणदार तयार करावयाचा असेल, तर ते त्याला एकट्याला जंगलात धाडीत नाहीत, बरोबर नेतात. आपल्या महाविद्यालयांनी येत्या जुलैत यादी लावण्यापूर्वी एवढे जरी केले, की यादीतील प्रत्येक नव्या नावापुढे त्याला साथ देणाऱ्याचेही नाव लिहिले आणि त्या दोघांच्या भेटीचा दिवस ठरवून टाकला, तरी कापणीच्या दिवसांत वर्गातून निसटलेली एखादी मुलगी परीक्षेपूर्वी परत येण्याची शक्यता वाढेल. तिला परत आणणारा मार्गदर्शक घडविणे, हे महाविद्यालयाचे काम आहे.